नटाचा कंठ आणि जाणता हात

५ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग केला, त्याची ही आठवण. पुढे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले आणि गाणारा नट हा नाटक मंडळीचा मुख्य आधार ठरला. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकापर्यंत पद आणि संवाद दोन्ही पोहोचवायचे, तेही उघड्या गळ्याने आणि रात्र उलटेपर्यंत, असा तो व्यवसाय होता. त्यातच मनाजोगते पद झाले की प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’चा पुकारा होई आणि नटाला तेच पद पुन्हा गावे लागे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग मराठी रसिकांच्या स्मरणात आजही आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन वेगवेगळ्या मंडळ्यांचे धनी त्या रात्री एकाच रंगमंचावर उभे राहिले. मंडळीचा पसारा केवढाही असो, पडदे, दागिने, साजिंदे, आचारी आणि पगारी माणसे कितीही असोत, साऱ्यांचे पोट एकदोन गळ्यांवर चाले. नायकाचा आवाज बसला की प्रयोग रद्द आणि प्रयोग रद्द झाला की गल्ला बंद. व्यापारी कुटुंबाला हे गणित निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या भांडवलाचा विमा उतरवता येत नाही आणि ज्याची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही, ते किती जपून वापरावे लागते, हे पेढीवर बसणारा प्रत्येक जण जाणतो.

हे भांडवल जपण्यासाठी घरोघर जे उपाय चालत आले, ते सर्वांच्या परिचयाचे आहेत: ज्येष्ठमधाची कांडी, खडीसाखर, लवंग, हळद घातलेले गरम दूध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. या उपायांनी घशाला आराम वाटतो, यात शंका नाही. मात्र गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो; स्वरयंत्राच्या आतून तो जात नाही. गिळण्याच्या क्षणी स्वरयंत्राचे दार झाकलेले असते. त्यामुळे घरगुती उपाय घशाच्या भिंतीपर्यंत पोहोचतात आणि स्वरयंत्राभोवतीचे थकलेले, आखडलेले स्नायू मात्र तसेच राहतात. केरळात कथकली शिकणाऱ्या मुलांच्या शरीराला तेल लावून मर्दन करण्याची जुनी परंपरा आहे. अंग लवचिक राहावे म्हणून मर्दन हवे, हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले. गळ्याच्या स्नायूंनाही अशा हाताची गरज असू शकते, हा विचार वैद्यकात गेल्या चार-पाच दशकांत स्थिरावला आहे.

कंठाचा हिशेब

स्वरयंत्र हे मानेच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेच्या वरच्या टोकाशी असते. पुरुषांच्या गळ्यावर जो उंचवटा दिसतो, ती त्याची पुढची ढाल. तिच्या आत आडव्या, लवचिक अशा दोन घड्या असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. त्यांची लांबी फार तर दोन-अडीच सेंटीमीटरच्या आसपास. फुप्फुसातून वर येणारी हवा या घड्यांमधून निघताना त्या थरथरतात, एकमेकींवर आपटतात आणि त्यातून आवाज जन्माला येतो.

साध्या बोलण्यात पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण शंभर ते सव्वाशे वेळा एकमेकांवर आपटतात. स्त्रीचे दोनशेच्या आसपास. गाताना, विशेषतः तार सप्तकात, हा आकडा दुपटीच्या वर जातो. आता हिशेब मांडून पाहावा. एखाद्या नाटकात नायिकेचा प्रत्यक्ष आवाज निघण्याचा वेळ अर्धा तास धरला, तर दोनशेच्या दराने तीन लाख साठ हजार आघात होतात. शनिवार-रविवारचे मिळून तीन प्रयोग झाले, तर हा आकडा दहा लाखांच्या पुढे जातो. यात तालीम, प्रवासातल्या गप्पा आणि प्रयोगानंतर भेटायला आलेल्या रसिकांशी झालेले बोलणे धरलेले नाही.

स्वरयंत्राची रचनाही विलक्षण आहे. त्याच्या वर जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालेच्या आकाराचे एक लहान हाड असते, त्याला कंठिकास्थी म्हणतात. हे हाड शरीरातल्या दुसऱ्या कोणत्याही हाडाशी जोडलेले नाही. ते स्नायू आणि बंधांनी टांगलेले असते आणि त्याच्या आधाराने स्वरयंत्रही टांगलेले असते. पाळण्याच्या दोऱ्या चहूबाजूंनी सारख्या ताणाच्या असल्या की पाळणा सरळ झुलतो. एक दोरी आखडली की तो कलतो. जबडा, जीभ, मान आणि खांदे यांपैकी कोठेही ताण साचला तर तो स्वरयंत्रापर्यंत पोहोचतो तो याच दोऱ्यांनी.

दोष तंतूंत की स्नायूंत?

रंगमंचावरील कलावंताचा आवाज बिघडतो तो मुख्यतः दोन प्रकारे. पहिल्या प्रकारात खुद्द स्वरतंतूंवर काही झालेले असते: सूज, सततच्या आघाताने आलेली गाठ, फोडासारखी वाढ, रक्तस्राव, किंवा क्वचित अधिक गंभीर आजार. दुसऱ्या प्रकारात तंतू स्वच्छ दिसतात, पण त्यांच्याभोवतीचे स्नायू इतके आखडलेले असतात की तंतूंना मोकळेपणाने हलताच येत नाही. कॅनडातील मॉरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली या दुसऱ्या प्रकाराचे वर्णन स्नायूंच्या ताणाने होणारा स्वरविकार या नावाने केले आणि तेव्हापासून ते नाव रूढ झाले.

या दुसऱ्या प्रकाराची चाल कर्जासारखी आहे. सर्दी असताना, जागरणानंतर किंवा सदोष ध्वनियंत्रणेपुढे नट एक प्रयोग जोर लावून निभावतो. त्या जोराने स्नायू आखडतात. आखडलेल्या स्नायूंतून दुसऱ्या दिवशी आवाज सहज निघत नाही, म्हणून तो अधिक जोर लावतो. व्याज फेडण्यासाठी पुन्हा कर्ज काढावे, तशी ही गत. हनुवटी पुढे येते, मानेच्या शिरा फुगतात, खांदे वर चढतात. स्वरयंत्र वर ओढले जाते आणि कंठिकास्थी व त्याखालची ढाल यांच्यामधली जागा अरुंद होते. सकाळी बरा असलेला आवाज संध्याकाळपर्यंत उतरतो. घशात काही अडकल्यासारखे वाटते. गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोट लावले तरी दुखते.

मात्र लक्षणे ऐकून या दोन प्रकारांतला फरक ठरवता येत नाही. पुष्कळदा दोन्ही दोष एकत्रही असतात. तंतूवर लहानशी गाठ आली म्हणून नट जोर लावू लागतो आणि जोरामुळे स्नायू आखडतात. अशा वेळी आखडलेपणा हा मूळ रोग नसून रोगाची सावली असते. म्हणून आत डोकावून पाहिल्याखेरीज निदान होत नाही.

आत डोकावण्याची युक्ती शोधली ती गाणे शिकवणाऱ्यानेच, ही मोठी अर्थपूर्ण गोष्ट आहे. मॅन्युएल गार्सिया हे स्पॅनिश घराण्यातले नामांकित गानशिक्षक. त्यांनी छोटे आरसे आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःच्या गळ्यातले स्वरतंतू गाताना हलताना पाहिले आणि आपली निरीक्षणे १८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. आज कान-नाक-घसा तज्ज्ञ बारीक दुर्बिणीने काही मिनिटांत ही तपासणी करतात. मर्दनाचा विचार या तपासणीनंतर करावयाचा असतो.

हात नेमके काय करतो

अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे स्वरविकारतज्ज्ञ आर्नल्ड अॅरन्सन यांनी स्वरयंत्राभोवतीच्या मर्दनाची पद्धत आपल्या ग्रंथातून मांडली. नेल्सन रॉय यांनी १९९० च्या दशकात तिचा शास्त्रीय अभ्यास केला. लंडनमध्ये जेकब लिबरमन यांनी अस्थिसंधी-उपचाराच्या अंगाने हीच विद्या वाढवली आणि स्वरविकारांच्या दवाखान्यांतून कलावंतांवर तिचा उपयोग केला. लंडनच्या वेस्ट एंडला आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला संगीतिकांचे आठवड्याला आठ प्रयोग होतात. अशा ठिकाणी गळ्याची निगा हा व्यवसायाचाच भाग असतो.

उपचाराचे स्वरूप साधे दिसते. रुग्ण पाठ टेकून बसतो किंवा उताणा निजतो. उपचार करणारा आधी नुसती बोटे ठेवून पाहतो: कोणत्या बाजूला स्नायू कठीण आहे, कोठे दुखते, स्वरयंत्र किती वर चढले आहे, बोटांनी हलके ढकलले तर ते दोन्ही बाजूंना सारखे सरकते की नाही. मग मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्नायूंवर, जबड्याखाली आणि जिभेच्या मुळाखालच्या मऊ भागावर हळुवार मर्दन होते. आरंभ कमी दुखणाऱ्या बाजूने करण्याची रीत आहे, म्हणजे रुग्ण धास्तावत नाही.

त्यानंतर अंगठा आणि तर्जनी कंठिकास्थीच्या दोन टोकांवर येतात. तेथे लहान वर्तुळे काढीत, पुढून मागे, सौम्य दाब दिला जातो. मग हाड आणि ढाल यांच्यामधल्या खाचेत, मग ढालीच्या मागच्या कडांवर. स्नायू सैल पडू लागले की स्वरयंत्र हलक्या हाताने खाली आणि बाजूंना नेले जाते. काही पद्धतींत रुग्णाला या वेळी गप्प बसावयास सांगतात; अॅरन्सन आणि रॉय यांच्या पद्धतीत तो मर्दन चालू असतानाच मिटल्या ओठांनी ‘म्’ असा गुंजारव करतो किंवा एखादा स्वर लांबवतो. आवाज मोकळा झाला की तज्ज्ञ त्याच क्षणी रुग्णाचे लक्ष त्याकडे वेधतो. ‘हा तुमचा स्वतःचा आवाज. आता तो कसा निघाला, ते ध्यानात ठेवा.’ मग त्या आवाजात एक शब्द, एक वाक्य आणि अखेर नेहमीचे संभाषण, अशा पायऱ्या चढवल्या जातात.

उपचाराचे मर्म या ध्यानात ठेवण्यात आहे. हाताने वाट मोकळी करून दिली, तरी चालायचे रुग्णालाच असते. मर्दन झाल्यावर नट पुन्हा त्याच ताणलेल्या मानेने आणि त्याच अडवलेल्या श्वासाने संवाद म्हणू लागला, तर स्नायू पुन्हा आखडतील. म्हणूनच जाणता तज्ज्ञ नुसते मर्दन करून रुग्णाला घरी पाठवत नाही. त्याच बैठकीत श्वासाचा, उभे राहण्याचा आणि स्वर लावण्याचा अभ्यासही देतो.

फरक किती पडतो

रॉय आणि लीपर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १७ रुग्ण होते. तंतूंवर काही दोष नसताना ज्यांचा आवाज बिघडला होता, असे ते रुग्ण. एकाच बैठकीनंतर त्यांपैकी बहुतेकांच्या आवाजात लक्षणीय सुधारणा आढळली. लंडनच्या लेस्ली मॅथिसन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली १० रुग्णांवर केलेल्या प्राथमिक अभ्यासातही गळ्यातली अस्वस्थता कमी झाल्याचे आणि आवाजाच्या मोजमापात सुधारणा झाल्याचे नोंदले आहे. नंतरच्या काळात या विषयावर आणखीही काम झाले आहे.

तरीही या आकड्यांकडे व्यवहारी नजरेने पाहावे. १७ आणि १० या लहान संख्या आहेत. हे रुग्ण सर्व थरांतले होते, सगळेच रंगमंचावरचे कलावंत नव्हते. शिवाय काही रुग्णांचा त्रास पुढे अधूनमधून परतल्याचेही रॉय यांच्याच नंतरच्या अभ्यासात दिसले. तेव्हा मर्दनाने सर्व बरे होते असे म्हणणे जितके चूक, तितकेच ते निव्वळ थोतांड आहे असे म्हणणेही चूक. ज्याच्या आवाजाचा दोष स्नायूंच्या ताणात आहे, त्याला योग्य हातांनी त्वरित आराम मिळू शकतो. तो आराम टिकवायचा की नाही, हे पुढच्या अभ्यासावर आणि विश्रांतीवर ठरते.

स्वरतंतूवरची गाठ, रक्तस्राव, तंतूचा लकवा, आम्लपित्ताने आलेली सूज किंवा कर्करोग यांपैकी काहीही मर्दनाने जात नाही. खरा धोका याच ठिकाणी आहे. समजा, एखाद्या नटीचा आवाज महिनाभर घोगरा आहे. आत तंतूवर सूज आहे, हे तिला ठाऊक नाही. ती कोणाकडून तरी मानेला मर्दन करून घेते. स्नायू सैल पडतात, दुखणे थांबते, तिला हायसे वाटते आणि ती त्या शनिवार-रविवारी तीन प्रयोग करते. दुखणे थांबले म्हणजे रोग गेला, असा तिचा समज झालेला असतो. शरीराने दिलेली ताकीद मात्र बंद झालेली असते आणि सुजलेले तंतू दहा लाख वेळा एकमेकांवर आपटतात. उधारी वसूल न होताच खात्यावर ‘चुकते’ असा शेरा मारावा, तसे हे समाधान.

विख्यात गायिका-अभिनेत्री ज्यूली अँड्र्यूज यांचे उदाहरण जगाला माहीत आहे. ब्रॉडवेवर एका संगीतिकेत काम करीत असता त्यांना आवाजाचा त्रास सुरू झाला. १९९७ साली घशावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा गाण्याचा आवाज परत आला नाही. एवढ्या मोठ्या कलावतीच्याही बाबतीत जे घडू शकते, ते लक्षात घेतले म्हणजे वेळेवर तपासणी आणि विश्रांती यांचे मोल कळते.

मर्मस्थानी अजाण हात नको

आपल्याकडे मान चोळून घेण्याची सवय सार्वत्रिक आहे. केस कापून झाल्यावर डोक्याला चंपी आणि शेवटी मान दोन्हीकडे झटका देऊन ‘मोडणे’ हा अनेकांच्या आवडीचा प्रकार. गळ्याच्या बाबतीत ही सवय घातक ठरू शकते. स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या जातात. तेथील एका जागी दाब पडला तर नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि माणूस भोवळ येऊन पडू शकतो. वयोवृद्ध माणसांच्या धमन्यांत चरबीचे थर साठलेले असतील तर धोका अधिक. मानेला अचानक झटका दिल्याने मणक्यालगतच्या धमनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत.

ही जाणीव आपल्या प्राचीनांना होती. सुश्रुतसंहितेत कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना नीला आणि मन्या ही मर्मे सांगितली आहेत आणि त्यांना आघात झाल्यास मुकेपणा किंवा स्वराची विकृती येते, असे म्हटले आहे. अशा जागी कोणाचा हात पडू द्यावा, याचा विचार म्हणूनच आवश्यक ठरतो.

थायरॉइडची सूज, मानेत गाठ, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणारी औषधे, पूर्वी येऊन गेलेला पक्षाघात किंवा स्वरतंतूतला ताजा रक्तस्राव, यांपैकी काही असेल तर गळ्याचे मर्दन डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीवाचून करू नये. प्रयोग चालू असताना आवाज एकाएकी नाहीसा झाला, तर तो तंतूतला रक्तस्राव असू शकतो. अशा वेळी मर्दन नको, औषधी गोळी चघळून पुढचा अंकही नको. त्या क्षणापासून मौन आणि त्वरित तपासणी, एवढेच करावे.

आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ही मर्यादा चार आठवड्यांची आहे. पण ज्याचे पोट आवाजावर आहे त्याची तपासणी त्याहून लवकर करावी, असेही त्यांत सुचवले आहे. तंतू न पाहताच सर्रास स्टेरॉइड किंवा प्रतिजैविके देऊ नयेत, हेही त्याच सूचना सांगतात. तंबाखू खाणारा वा ओढणारा माणूस, गिळताना वेदना, श्वासाला अडथळा, थुंकीतून रक्त किंवा मानेत गाठ असेल, तर एक दिवसही थांबू नये.

निदान झाल्यावर मर्दनासाठी आणि स्वराभ्यासासाठी वाचा-भाषा तज्ज्ञांकडे जावे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे अशा तज्ज्ञांची नोंदणी होते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाचा-श्रवण संस्था कार्यरत असून तेथे या विषयाचे शिक्षणही दिले जाते. मान, खांदे आणि पाठ यांच्यासाठी भौतिकोपचार तज्ज्ञांचे साहाय्य घेता येते. कोणाकडेही जाताना एक प्रश्न अवश्य विचारावा: स्वरयंत्राभोवतीच्या उपचाराचे शिक्षण आपण घेतले आहे का? जाणत्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

रोजचा नेम

गळ्याच्या पुढच्या भागावर स्वतः दाब देऊ नये. मात्र काही सौम्य गोष्टी कलावंताला घरी करता येतात आणि त्या दुकानात दिवसभर बोलणाऱ्यालाही, बाजार समितीच्या आवारात लिलाव पुकारणाऱ्यालाही, वर्गात शिकवणाऱ्या शिक्षिकेलाही तितक्याच उपयोगी आहेत.

तोंड किंचित सैल ठेवून दोन्ही गालांवर, कानापुढे जेथे दात आवळले की स्नायू फुगतो, तेथे बोटांनी एक-दोन मिनिटे हळू वर्तुळे काढावीत. जबडा आपोआप खाली येऊ द्यावा. उजव्या हाताने डावा खांदा आणि डाव्या हाताने उजवा खांदा दाबून सोडावा. खांदे कानाकडे नेऊन उच्छ्वासाबरोबर खाली सोडावेत. मग एक बारीक नळी ओठांत धरून तिच्यातून ‘ऊ’ असा हलका स्वर लावावा आणि तो खालून वर, वरून खाली फिरवावा. नळीतला हवेचा उलटा दाब स्वरतंतूंना आधार देतो आणि ते कमी आघातात थरथरतात. प्रयोगापूर्वी पाच-दहा मिनिटे आणि प्रयोगानंतरही तितकाच वेळ हे करावे. पहिलवान आखाड्यातून बाहेर येताच निजत नाही. गळ्यालाही थंड होण्यास वेळ द्यावा लागतो.

दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे. साध्या पाण्याची वाफ घ्यावी. वाफ स्वरतंतूंपर्यंत खरोखर पोहोचते. वारंवार खाकरू नये, कारण प्रत्येक खाकरण्यात तंतू जोराने आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी गिळावे. आवाज बसला असता जोर लावून कुजबुजणे हीही विश्रांती नव्हे. त्यातही स्नायू आवळले जातात. बोलू नये, हाच खरा आराम. प्रयोग संपल्यावर मध्यरात्री तिखट, तेलकट जेवून लगेच आडवे झाल्यास आम्ल वर चढते आणि सकाळी घसा जड होतो. दिवस मावळण्यापूर्वी जेवण्याची ज्या घरांत रीत आहे, त्या घरांतल्या कलावंताला ही शिस्त नव्याने शिकावी लागत नाही.

पाहुण्या कलावंताचा यजमान

गळ्याची काळजी ही एकट्या कलावंताची जबाबदारी मानली जाते. पण त्याच्या गळ्यावर येणारा ताण पुष्कळ वेळा दुसऱ्यांनी ठरवलेला असतो. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव हे तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. यात्रांच्या हंगामापूर्वी तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपारी ठरवतात. एकदा सुपारी ठरली की फड आज या गावी, उद्या त्या गावी. रात्रभर खेळ, दिवसा प्रवास, पुन्हा रात्री उघड्या मैदानावर आवाज. यात्रेचे काही आठवडे म्हणजेच वर्षाची कमाई, त्यामुळे आवाज बसला म्हणून थांबण्याची सोय नसते. नाटकाच्या दौऱ्यातही बसमधले जागरण आणि लागोपाठचे प्रयोग चुकत नाहीत.

व्यापारी कुटुंबांतली मंडळी अनेकदा अशा कार्यक्रमांचे यजमान असतात. संस्थेचा वर्धापनदिन, शाळेचे स्नेहसंमेलन, विवाहाच्या आदल्या संध्याकाळचे संगीत, व्यापारी संघाचा स्नेहमेळावा, या सर्व ठिकाणी कलावंत बोलावले जातात. तेव्हा मानधनाइतकाच आणखी काही गोष्टींचा विचार यजमानाने करावा. कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू व्हावा, म्हणजे कलावंत दोन तास धुळीत आणि गप्पांत ताटकळणार नाही. कलावंताला स्वतःचा आवाज ऐकू येईल असा ध्वनिक्षेपक त्याच्या दिशेने ठेवावा; स्वतःचे ऐकू आले नाही की माणूस नकळत ओरडतो. मंचावर कृत्रिम धूर सोडू नये. कोमट पाणी हाताशी असावे. जेवणाची व्यवस्था कार्यक्रमापूर्वी पुरेशा अवधीने व्हावी, रात्री बाराला पंगत मांडू नये. एखाद्याने आवाज बसल्याचे कळवले तर ‘कसेही करून निभावून न्या’ असा आग्रह धरण्याऐवजी तारीख पुढे घ्यावी किंवा बदली कलावंत स्वीकारावा. करारातच तशी एक ओळ घातली, तर दोन्ही बाजूंना संकोच राहत नाही.

आणि प्रेक्षागृहात बसल्यावर, एखादे पद मनात भरले आणि ‘वन्स मोअर’ ओठांवर आले, तर आधी गाणाऱ्याच्या मानेकडे एकवार पाहावे. शिरा ताणलेल्या दिसत असतील, हनुवटी पुढे आलेली दिसत असेल, तर त्या वेळी टाळ्या भरभरून वाजवाव्यात आणि पुढचा प्रवेश सुरू होऊ द्यावा.